‘सेट’ कुणी नेला?

१

कोशघरात मोठ्यानं शिंकायचीसुद्धा चोरी होती. त्यामुळे लॉर्ना क्रेलची किंकाळी कानावर आली तेव्हा इशबेल गेडिसला आधी वाटलं, पोरीच्या खोक्यात पुन्हा उंदीर शिरला असणार. दालनात जिकडे तिकडे कागद, म्हणून तिथं विस्तवाला बंदी. आणि लीथ बंदरावरून येणारी थंडी दारंखिडक्यांना जुमानत नसे. तेव्हा सगळी मंडळी पेंढा भरलेल्या खोक्यांत गुडघ्यापर्यंत पाय खुपसून बसत आणि जगासाठी इंग्रजीचा कोश लिहीत.

इशबेल पेंढा झटकत धावली. लॉर्ना भिंतीतल्या कप्प्यांसमोर खांबासारखी उभी होती.

"उंदीर कुठं आहे?"

"उंदीर नाही हो, बाई. सेट गेला!"

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला! बघा ना, एक चिठ्ठी राहिलेली नाही."

इशबेलनं पाहिलं. वरपासून खालपर्यंत कप्पे रिकामे होते.

सेट म्हणजे दिसायला एवढासा शब्द. पण सूर्य मावळला तरी सेट, जेली घट्ट झाली तरी सेट, मोडलेलं हाड जुळवलं तरी सेट. टेबलावर ताटं मांडा, घड्याळ लावा, सापळा लावा, सगळं सेट. कपबश्यांचा सेट, नाटकातला सेट, बिज्जूचं बीळ सेट, आणि लीथच्या रस्त्यात बसवलेले दगडसुद्धा सेटच. एवढ्याशा शब्दानं एवढे अर्थ पोटात घातले होते, की कोशातला हा सगळ्यात अवघड शब्द म्हणून सगळे त्याला वचकून असत. देशोदेशींचे वाचक पुस्तकांत तो दिसला की वाक्य उतरवून पाठवत. कुणी धोब्याच्या बिलामागे, कुणी बिस्किटांच्या वेष्टनावर. त्या चिठ्ठ्या अर्थाअर्थांनी वेगळ्या करायच्या, एकेका अर्थाची चवड टाचणीनं टोचायची, आणि मग कुठला अर्थ कुठल्या अर्थाशेजारी बसवायचा यावर डोकं फोडायचं. लॉर्ना वेण्या घालायच्या वयात इथं आली ती या शब्दाला जुंपली गेली. आता तिच्या केसांत एखादी रुपेरी तार दिसायला लागली होती.

आणि आज संध्याकाळी छापखान्याची गाडी सेट न्यायला येणार होती.

२

पोलिसांचा सार्जंट मॅक्लिन आला तो थेट प्रवेशदाराजवळच्या खोलीत शिरला. चहाची शेगडी तेवढी त्या खोलीत असे. शेगडीत कागदाच्या राखेचा ढीग होता. सार्जंटनं मिशीवरून हात फिरवला.

"काल संध्याकाळी इथं आरडाओरडा झाला म्हणे?"

झाला होता. प्रकाशकांचा माणूस हेक्टर स्प्रॉट हिशेब बघायला आला होता. कोशाच्या पहिल्या पानावर नावं कुणाकुणाची, हे वाचून दाखवताना त्यानं लॉर्नाचं नाव गाळलं. लॉर्ना सगळ्यांदेखत ओरडली होती, "माझं नाव नाही ना? मग जाळून टाकते सगळं! बसा राख चाळत!"

"पोरी," सार्जंट म्हणाला, "काल जाळते म्हणालीस, आज राख सापडली. मी काही पंडित नाही, पण एवढं मलाही जुळवता येतं."

"रागानं बोलले हो मी! रागानं माणूस काय काय बोलतं!"

"शेवटी कुलूप कुणी लावलं?"

"मीच," लॉर्नाचा आवाज खाली गेला. "पण किल्ल्या सगळ्यांकडे आहेत."

स्प्रॉट हातमोजे चढवत म्हणाला, "झालं ते वाईटच झालं. पण एका दृष्टीनं बघाल तर, चिठ्ठ्याच नाहीत म्हटल्यावर शब्द थोडक्यात लिहून टाका. दोन पानांत उरकतो. कागद काय भाव झालाय, कल्पना आहे का तुम्हाला?"

त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख फार वेळ टिकेना, हे इशबेलनं टिपून ठेवलं.

मंगो रिंटूल आपल्या जागेवर पाय हलवत बसला होता. सेट आधी त्याच्याकडे होता. त्याच्याकडून काढून लॉर्नाला दिला, तेव्हापासून तो तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नसे. "मला विचाराल तर," तो म्हणाला, "मुलीच्या जातीला एवढा मोठा शब्द द्यायलाच नको होता." आणि बोलता बोलता त्यानं हातातली चिठ्ठ्यांची चवड मेजावर पालथी आपटली.

सगळे एकदम शहारले. कोशघरात चवड पालथी घालायची ती शब्द छापून झाल्यावर. छापलेल्या शब्दाच्या चिठ्ठ्या काळ्या फितीनं बांधून, कोरी बाजू वर करून माळ्यावर जात. जित्या शब्दाला पालथं घातलं तर छापताना त्याची वाट लागते, असा सगळ्यांचा ठाम समज. कुणाकडून चुकून घडलं तर त्यानं सगळ्यांना गोड पाव खिलवायचे. रिंटूल मुद्दाम पालथी घालायचा, वर पावही स्वतःच जास्त खायचा.

"मंगो, असलं करू नकोस रे," मुख्य संपादक डॉक्टर ड्रमंड कळवळून म्हणाले. त्यांचं घर कोशघराला लागूनच होतं, मधल्या दारानं ते सरळ दालनात येत. त्यांनी उठून चवड सुलटी केली, तिच्यावरून हात फिरवला.

"मी नाही मानत असली थेरं," रिंटूल म्हणाला.

"डॉक्टर, तुमचं काय म्हणणं?" सार्जंटनं विचारलं.

डॉक्टरांनी पांढऱ्या दाढीत बोटं घातली. "सापडेल. शब्द कुठं जात नाहीत हो." एवढं बोलून ते आपल्या मेजाकडे वळले. लॉर्नाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"गाडी मागवलीय," सार्जंट लॉर्नाला म्हणाला. "आली की निघायचं. कोट घालून बस."

लॉर्ना मटकन खाली बसली. पोलिसांच्या गाडीत बसलेल्या बाईला लीथमध्ये पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि इशबेललाही. घरी म्हातारी आई या एकीच्या पगारावर होती.

"गाडी येईपर्यंतचा वेळ मला द्या," इशबेल सार्जंटला म्हणाली.

"कशाला?"

"तुमची चूक दाखवायला!"

३

तिनं बाह्या वर केल्या आणि सरळ राखेत हात घातला. स्प्रॉटनं नाकाला रुमाल लावला. इशबेल कोपरापर्यंत काळी झाली, पण तिचे डोळे चमकायला लागले.

"सार्जंट, या इकडे. घाला हात."

"मी?"

"घाला हो, जळत नाही आता. काय लागतं हाताला?"

"राख. दुसरं काय लागणार?"

"तेच तर! टाचण्या कुठं आहेत?" इशबेलला आपला आवाज चढलेला कळला, पण आवरेना. "सेटच्या एकेका अर्थाला टाचणी आहे. कागद जळेल, टाचणी कशी जळेल? सेट इथं जळला असता तर तुमचा हात चाळणीसारखा झाला असता!"

"टाचण्या काढून जाळलं असेल."

"एकेक काढत बसली असती तर अजून तेच करत असती बिचारी."

सार्जंटनं हात पुसला. लॉर्ना कोट अर्धा घालून उठून उभी राहिली. मग राख कशाची, हा प्रश्न उरला होता. इशबेलनं ढिगाच्या तळातून अर्धवट जळलेला तुकडा ओढून काढला. त्याच्यावर एका घोड्याचं नाव होतं.

"मिस्टर रिंटूल," ती गोड आवाजात म्हणाली, "शर्यतीचं पत्रक आहे हे. आपल्यात घोड्यांचा शौक कुणाला आहे बरं?"

रिंटूलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सकाळी लवकर आलो होतो. जुनी पत्रकं जाळली. बायकोला सापडली असती तर तिनं मलाच जाळलं असतं."

हसू कुणालाच आवरलं नाही. लॉर्नासुद्धा डोळे पुसता पुसता हसली. सार्जंट मात्र हसला नाही.

"बरं, जाळलं नाही. मग चोरून नेलं म्हणा. बाई, तुमच्या टाचण्यांनी ही सुटली नाही."

"कशात घालून नेलं? सेट उचलायला हातगाडी लागते. काल ही सगळ्यांसमोर कुलूप लावून निघाली, हातात नुसती छत्री. आणि दारासमोर त्या मासे विकणाऱ्या बाया बसतात. त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नाही, हातगाडी सुटेल?"

सार्जंटनं माणूस पाठवून विचारून घेतलं. बायांनी कालपासून दारातून कुठलंच ओझं जाताना पाहिलं नव्हतं. उलट सार्जंटला ताजा हॅडॉक मासा घ्यायचा आग्रह केला होता.

"म्हणजे सेट घरातच आहे," इशबेल म्हणाली.

"माझ्या माणसांनी कोपरा न् कोपरा पाहिलाय. माळासुद्धा. तिथं नुसते गठ्ठे आहेत, सगळे एकासारखे एक."

इशबेल जिन्याकडे धावत सुटली.

४

माळ्यावर दिवा न्यायची सोय नव्हती. छपराच्या काचेतून धुक्याचा मळकट उजेड येत होता. पहिल्या अक्षरापासून छापून झालेले सगळे शब्द तिथं काळ्या फितीत बांधून, पालथे पडले होते. जिकडे पाहावं तिकडे कोऱ्या पाठी. शिपायांचा काय दोष, ती मनाशी म्हणाली. इथं कुणाची नजर ठरणार!

ती रांगेमागून रांग बघत पुढे सरकली. कुठल्यातरी गठ्ठ्यावर धूळ कमी असेल, असं तिला वाटलं होतं. पण चोरानं धूळसुद्धा फासली होती. काळी फीतही बरोब्बर बांधली होती. खालून लॉर्नाच्या आईचा आवाज आला. म्हातारीला कुणीतरी बातमी दिली होती आणि ती दारातूनच रडत होती. लॉर्ना तिला समजावून घरी परत धाडत होती.  हात चालव, बाई, तिनं स्वतःला दटावलं.

अगदी मागच्या भिंतीशी, छप्पर खाली उतरतं तिथं, ती थबकली.

कोऱ्या पाठींच्या मधोमध तिला शाई दिसली.

एक गठ्ठा सुलटा होता. त्याच्याशेजारचाही. पलीकडची सगळी रांग सुलटी! इशबेलनं पहिल्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचली: सूर्य डोंगराआड सेट झाला. ती जवळजवळ नाचलीच. धूळ फासण्याइतकी हुशारी, फीत बांधण्याइतका सराव, आणि शेवटी चोराला जिता शब्द पालथा घालवला नाही! अशी चूक या छपराखालच्या माणसांशिवाय जगात दुसरं कुणी करणार नाही.

स्प्रॉटनं ठेवला असता तर आजूबाजूला बघून त्यानं सगळंच पालथं ठेवलं असतं. त्याला त्यातलं काय कळतंय. रिंटूलनं तर आवडीनं पालथा घातला असता. म्हणजे दोघेही सुटले. राहिलं कोण? लॉर्ना. आणि आपण स्वतः. आणि...

तिचा आनंद झरकन उतरला. तिनं घाईघाईनं त्या पहिल्या गठ्ठ्याची फीत सोडली. वर सूर्य होता. सूर्याच्या खाली, त्याच गठ्ठ्यात, जेली होती.

जेलीवरून कोशघरात महिनाभर भांडण चाललं होतं. लॉर्नाचं म्हणणं, जेली घट्ट होते, म्हणून तिला सिमेंट आणि प्लॅस्टरशेजारी बसवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जेली थरथरायची थांबते, शांत होते, दिवस मावळताना सूर्य होतो तशी. तिची जागा सूर्याशेजारी. शेवटी इशबेलनं लॉर्नाच्या बाजूनं मत दिलं आणि जेली सिमेंटकडे गेली. ती पुन्हा सूर्याकडे नेऊन बसवणारा माणूस जगात एकच होता. ज्यानं इशबेलला चिठ्ठी वाचायला शिकवलं, सगळीकडून नकार घेऊन आलेल्या मुलीला मेज आणि खुर्ची दिली, तो माणूस.

जिना करकरला. कुणीतरी सावकाश वर येत होतं.

५

"सापडला तर," डॉक्टर ड्रमंड म्हणाले. त्यांना दम लागला होता.

"तुमच्या घराचं मधलं दार," इशबेल म्हणाली. "तुम्हाला कुलूप उघडावंच लागलं नाही. ओझं घेऊन रस्त्यावर जावंच लागलं नाही."

"कशावरून मीच?"

तिनं जेली पुढं केली. डॉक्टरांनी चिठ्ठी हातात घेतली, पाहिली, आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं.

"मी विचारसुद्धा केला नव्हता ग. हातांनीच केलं. फीत बांधता बांधता हात आपोआप तिकडे गेला."

"पण का? का केलंत हे?"

"नवा अर्थ आलाय!" म्हाताऱ्याचे डोळे लहान पोरासारखे चमकले. "जहाजांवर ते बिनतारी संदेशाचं यंत्र बसवतात ना, त्याला खलाशी सेट म्हणायला लागलेत! मी स्वतः धक्क्यावर जाऊन ऐकलं. अजून छापील वाक्य हाती लागलं नाही. स्प्रॉटला म्हटलं थोडं थांब, तो ऐकेना. शब्द अजून वाढतोय, इशबेल, आणि हे लोक त्याला बंद करून टाकायला निघालेत. म्हटलं, छापखान्याची गाडी एकदा रिकामी जाऊ दे. मग माळ्यावर सापडला म्हणू." ते एका गठ्ठ्यावर टेकले. "आणि खरं सांगू का? तो छापून गेला की मी रिकामा. सकाळी उठून कशासाठी यायचं इथं?"

इशबेलला त्यांची दया आली. त्यांचा हात धरावा असंही वाटलं. पण खाली दारात घोड्यांच्या टापा वाजल्या आणि सार्जंटचा आवाज आला, "चला, मिस क्रेल."

"ती गाडीत बसतेय," इशबेल म्हणाली. "ऐकताय ना?"

"मला वाटलं नव्हतं, ते तिला धरतील म्हणून."

"धरलं तेव्हा तिथंच होतात तुम्ही! शब्द पालथा घालवला नाही तुम्हाला. जित्या पोरीला मात्र घातलंत!"

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते कुजबुजले, "आपण दोघं गुपचूप हे खाली नेऊन ठेवू. सापडलं म्हणू. ती सुटेल, कुणाचंच काही जाणार नाही."

क्षणभर इशबेल डगमगली. एवढं एक ओझं खाली न्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं, की तिचे डॉक्टर तिला जसेच्या तसे परत मिळणार होते.

"मग लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. "पोरीनं चोरलं, घाबरली, परत आणून ठेवलं. जन्मभर म्हणतील. नाही, डॉक्टर. तुम्ही खाली चला."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी सांगेन," इशबेल म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

६

दारात ही एवढी गर्दी जमली होती. पोलिसांची गाडी म्हटल्यावर मासेवाल्या बाया टोपल्या टाकून आल्या होत्या, वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. लॉर्नाचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, दंड सार्जंटच्या हातात.

"थांबा!" इशबेल ओरडली. "सेट सापडलाय! तिनं नेला नव्हता!"

डॉक्टर दारातच थांबले. सार्जंटच्या आणि स्प्रॉटच्या कानाशी लागून त्यांनी सगळं सांगितलं. सार्जंटची मिशी खाली झुकली. स्प्रॉट चपळाईनं पुढं झाला.

"बरं झालं, उत्तम झालं. चला, सगळे आत चला. घरातली गोष्ट घरात राहू द्या. मिस क्रेल, तुमचं नाव पहिल्या पानावर घालू, झालं ना समाधान? आत या, चहा घेऊ."

लॉर्ना हलली नाही. तिची मान ताठ होती.

"सकाळपासून सगळ्या गल्लीनं मला चोर म्हणून पाहिलंय," ती म्हणाली. "माझी आई या दारातल्या दगडांवर बसून रडली. तेव्हा कुणी म्हटलं नाही, घरातली गोष्ट म्हणून. डॉक्टर, त्यांच्या कानात काय सांगता? या सगळ्यांना सांगा. मोठ्यानं."

स्प्रॉट म्हणाला, "हे बघा, ते केवढे मोठे विद्वान..."

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी टोपी काढली. दालनात कधी आवाज न चढवणारा तो माणूस पायरीवर उभा राहिला आणि बंदरातल्या हमालासारखा ओरडला, "चोरी मी केली! हिनं काही केलेलं नाही! मी केली, आणि हिला धरलं तेव्हा मी गप्प बसलो!"

 मग एका मासेवालीनं कमरेवर हात ठेवले.

"अहो, मग तिला कशाला धरलंय अजून? सोडा की!"

सार्जंटनं गडबडीनं हात सोडला. डॉक्टर पायऱ्या उतरून लॉर्नासमोर आले.

"पोरी, मला..."

"मला नका सांगू," लॉर्ना म्हणाली. "माझ्या आईला सांगा. चला."

"आत्ता?"

"आत्ताच. गाडीतून नाही, चालत."

इशबेल दारातून बघत राहिली. लॉर्ना पुढे आणि डॉक्टर तिच्या मागोमाग, उघड्या डोक्यानं, उतारावरून चालले होते. कोपऱ्यावरच्या पाववाल्यापाशी लॉर्ना थांबली. पुढं कोळसेवाल्यापाशी थांबली. वाटेत जो भेटेल त्याच्यापुढं ती थांबत होती, आणि डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.